मामांचे मफिन

पाचगणी,
१४ जून १९६४

ती. सोपानमामा व चंद्रामामी यांस अंजनाचा जयभीम.

मी इथे खुशाल आहे. यशूचा खोकला थांबला का ते कळवा. तिला नवी पाटी घेऊन दिलीत हे तिच्याच वाकड्या अक्षरांतून कळलं.

मामा, मी एक मूर्खपणा करून बसले आहे. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या आचाऱ्याची जागा रिकामी झाली. मी इथे आया, माझी खाट मुलींच्या निजायच्या हॉलमध्ये, म्हणून यशूला जवळ ठेवता येत नाही. तिचे वडील गेल्यापासून चार वर्षं ती तुमच्याकडेच आहे. दुसऱ्या आचाऱ्याला मात्र स्वयंपाकघरामागची खोली मिळते. खोलीला स्वतःचं दार आहे. त्या दाराच्या मोहाने मी थेट मोठ्या मॅडमपुढे जाऊन उभी राहिले.

मॅडमनी विचारलं, काय काय येतं? मी म्हणाले, सगळं येतं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली ती सुटलीच. म्हणाले, माझे मामा पलटणीत साहेबांच्या मेसमध्ये खानसामा होते, त्यांच्याकडूनच शिकले. मॅडमचा चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या, 'मफिन?' मी म्हणाले, 'हो हो, मफिन.' मामा, मफिन हा प्राणी आहे की भाजी आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग थोरले आचारी नाथाजी यांना गाठलं. ते म्हणाले, 'इंग्लंडचा पाव हाय बाई त्यो. तव्यावर भाजत्यात. आदीचा आचारी करायचा, त्यो गेला मुंबईला. मला त्यातलं काय बी ठावं न्हाई.' खायला कसा असतो तेवढं त्यांनी सांगितलं. वाटोळा, दोन बोटं जाड, दोन्ही तोंडांनी तांबूस, कडेने पांढरा आणि आत जाळी. सुरीने कापायचा नाही, काट्याने फोडायचा, म्हणजे लोणी जाळीत मुरतं. मॅडमना तो खायचा माहीत आहे, करायचा नाही.

एक ऑगस्टला सकाळच्या चहाबरोबर मी मॅडमना मफिन वाढायचे. पटले तर जागा आणि खोली माझी. तुम्ही तर ते शेकड्यांनी केले असतील. कृती लगेच कळवा.

आपली,
अंजना


मिरज,
१९ जून १९६४

चि. अंजनास अनेक आशीर्वाद व जयभीम.

यशूचा खोकला थांबला. आता ती पाटीवर रोज माझं चित्र काढते. चित्रात मला मिशा आहेत आणि मान नाही.

मफिनचं एवढं काय घेऊन बसलीस? देवळालीला असताना कर्नलसाहेब माझे दोन मफिन खाल्ल्याशिवाय परेडला जात नसत. आता तंबोऱ्यांच्या कारखान्यात वाळत घातलेले भोपळे राखत बसतो, म्हणून हात विसरला असं समजू नकोस. लिहून घे. मैदा, सोडा, ताक, मीठ. प्रमाण अंदाजाने, खानसाम्याचं प्रमाण त्याच्या हातात असतं. पीठ घट्ट मळावं, इतकं की बोट रुतता कामा नये. भाकरीसारखं थापावं, फक्त जाड. तवा लालभडक तापवावा आणि दोन्हीकडून झटपट भाजावं. झाले मफिन. लोणी लावून द्यावेत आणि सलाम ठोकावा.

हे लिहिताना मी मोठ्याने वाचत होतो. तुझी मामी चुलीपासून म्हणाली, 'आवं, इतकी वर्सं झाली, घरात कदी एक अंडं तरी तळलंय का तुमी?' तिच्याकडे लक्ष देऊ नये. लष्करी स्वयंपाक घरात करायचा नसतो.

तुझा मामा,
सोपान


पाचगणी,
२८ जून १९६४

ती. मामांस जयभीम.

मफिन केले. नाथाजींनी कोपऱ्यातली एक चूल दिली आणि स्वतः लांब जाऊन बसले. तुम्ही सांगितलं तसं पीठ घट्ट मळलं, थापलं, लाल तव्यावर टाकलं. टाकल्याबरोबर माझा हात आपोआप पाण्यात गेला आणि भाकरीला फिरवतात तसा वरून ओला हात फिरवून मोकळा झाला. मफिनला पाणी लावतात का, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. हातानेही मला विचारलं नाही.

बाहेरून कोळसा आणि आत कच्चा गोळा. नाथाजींनी एक हातात घेतला, वजन केलं आणि अदबीने परत ठेवला. मी सातच केले होते आणि लगोरीला सातच लागतात. आमच्या मुलींनी मागच्या अंगणात दोन डाव खेळून घेतले. एकही फुटला नाही.

मामा, यात काहीतरी राहिलं आहे. आठवून कळवा. माझ्या हातात महिना उरला आहे.

आपली,
अंजना


मिरज,
४ जुलै १९६४

चि. अंजनास आशीर्वाद.

चूक तुझी नाही आणि माझीही नाही. पाचगणीची हवा गार, तिथे सोड्याचा जोर चालत नाही. म्हणून खात्री करायला मी स्वतः इथे मफिन करून बघितले. म्हणजे खानसाम्याला खात्रीची गरज नसते, पण तुझ्यासाठी.

जाळी हवी म्हणजे पीठ आंबायला हवं, एवढं डोक्यात आलं. आंबवलेलं पातळ पीठ तव्यावर ओतलं. ते पळालं. मी उलथनं घेऊन त्याच्यामागे. शेवटी सहा मफिन होण्याऐवजी एकच झाला, तव्याएवढा. यशूने तो गुळाबरोबर खाल्ला आणि म्हणाली, 'आजोबा, धिरडं लय झ्याक झालंय.' मामीच्या पाठीवरून मला दिसलं की ती हसते आहे.

तेव्हा तू असं कर. पीठ आंबव, पण पळू नये म्हणून पितळेची वाटोळी कडी घे आणि त्यांत ओत. मेसमध्ये आम्ही असंच करत असू. मला आत्ता आठवलं.

तुझा मामा,
सोपान


पाचगणी,
१२ जुलै १९६४

ती. मामांस जयभीम.

कडी घेतली. पीठ कड्यांच्या खालून पळालं. मग मीच मैदा वाढवला, तेव्हा एक जरा फुगला. इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि फुगला तसं माझ्या हाताने फडकं उचललं आणि चपातीसारखा दाबून टाकला. मन नको नको म्हणत होतं आणि हात दाबत होता. सगळी हवा फुस्स करून गेली. नाथाजी म्हणाले, 'बाई, तुमाला वैर हाय का त्याच्याशी?'

आता थट्टा पुरे. मी सरळ विचारते, रागावू नका. मामा, तुम्ही मफिन कधी केले होते का?

नसतील केले तर तसं लिहा. मी मॅडमशी खोटं बोलले ते माझं मी निस्तरेन. पण मला खरं कळायला हवं, आणि लगेच. मी इथे रोज चाळीस मुलींच्या आंघोळीचा बंब पेटवते. दुसऱ्यांच्या चाळीस पोरींची डोकी पुसते. माझ्या पोरीला मी चार वर्षांत किती वेळा न्हाऊ घातलं ते बोटांवर मोजता येईल. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल देव जाणे, तोवर यशू स्वतःची वेणी स्वतः घालायला लागलेली असेल. मला ती खोली हवी आहे, मामा. खूप हवी आहे.

उलट टपाली लिहा.

अंजना


मिरज,
२४ जुलै १९६४

चि. अंजनास जयभीम.

उत्तराला उशीर झाला. ताप आला होता. आता उतरला.

नाही केले. एकही मफिन मी केलेला नाही. मी खानसामा नव्हतो, मसालची होतो. मेसमधली भांडी घासतो तो मसालची. सहा वर्षं मी साहेब लोकांची भांडी घासली. पहिल्या रजेवर गावी आलो तेव्हा पायात बूट होते आणि ट्रंकेवर इंग्रजीत नाव होतं. वेशीत कुणीतरी विचारलं, 'सोपाना, काय काम करतुस रं पलटणीत?' एवढे चकचकीत बूट घालून भांडी घासतो असं सांगवेना. म्हणालो, खानसामा. नंतर ते मागे घ्यायला जमलंच नाही. तुझ्या लग्नात मी आचाऱ्याला हुकूम सोडत हिंडत होतो ते तुला आठवत असेल. भात करपला तो माझ्याच हुकमाने.

खरा खानसामा मला पिठाला हात लावू देत नसे. का ते तुला सांगायला नको. 'आटा मेरा, बर्तन तेरा,' म्हणायचा. तेव्हा मी जेवढं धुतलं तेवढंच सांगू शकतो. त्यावरून काय जुळतं ते तू बघ.

एक बरणी यायची, तोंडाला फडकं बांधलेली. तळाशी शिजलेल्या बटाट्याचा गाळ आणि टम्म फुगलेले बेदाणे. वास ताडीचा. म्हणजे सोडा नाहीच, खमीर तो त्या बरणीत करत असणार. तीन-चार दिवस ती फळीवर असायची, मग माझ्याकडे यायची. थोडे बेदाणे या पाकिटात घातले आहेत.

पीठ कालवायचं पातेलं फार छळायचं. पीठ असं चिकटलेलं असे की सुरीने खरवडावं लागे. घट्ट मळलेलं पीठ भांडं सोडतं, हे तू जाणतेस. तेव्हा मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट, सैल आणि चिकट. त्याला दुधाचा वास असे. कडी पत्र्याची, तळहाताएवढी, आतून तुपकट.

आणि तवा. चपात्यांचा तवा घासताना माझी बोटं सोलून निघायची. मफिनचा तवा नुसता पुसला तरी चालायचा, कधी काळा पडलेला पाहिला नाही. म्हणजे आच अगदी मंद. त्याच्यावर तांबूस भाजलेले कण असत, ते पिठाचे नव्हेत, रव्याचे. नक्की सांगतो, कारण ते मी चिमटीने खात असे. मफिनची माझी ओळख तेवढीच.

तुझा मामा,
सोपान मसालची


पाचगणी,
३ ऑगस्ट १९६४

ती. मामा व मामी यांस जयभीम.

जागा मिळाली! आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

तुमचं पत्र सत्तावीस तारखेला, सोमवारी हातात पडलं. त्याच दिवशी बटाटा शिजवला, त्याचं पाणी, साखर आणि तुमचे बेदाणे बरणीत घातले. बेदाणे पाकिटात पार चपटे झाले होते. इथे पावसाने सगळं गारठलेलं, म्हणून बरणी बंबाशेजारी ठेवली. आंघोळीला आलेल्या मुली विचारायच्या, यात काय आहे? मी म्हणायचे, माझं नशीब. त्यांना वाटलं लोणचं आहे.

शुक्रवारी बरणीत बुडबुडे आले. संध्याकाळी मैदा, दूध, मीठ, थोडं लोणी घालून पीठ सैल कालवलं. इतकं चिकट की मला तुमची सुरी आठवली. सकाळी ते पातेल्याच्या काठाशी आलं होतं. तव्यावर रवा भुरभुरला, तूप लावलेली कडी मांडली, निखारे मागे ओढले. आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले. नाथाजी म्हणाले, 'हात दुखतूय व्हय?' मी म्हणाले, 'न्हाई, त्याला अटक केलीया.'

आठांतले दोन कड्यांना चिकटून फाटले. एक नाथाजींनी चव बघतो म्हणून सबंध खाल्ला. पाच मॅडमपुढे गेले. त्यांनी काट्याने टोचत टोचत एक फोडला. आत जाळी होती! लोणी लावलं, ते दिसेनासं झालं. पहिला संपला, दुसरा घेतला. मी दाराशी उभी.

मग मोडक्या मराठीत त्यांनी विचारलं, 'तुझा मामा, खानसामा, त्याने शिकवला?' नुसतं हो म्हणायचं होतं. पण तुम्ही सही कशी केली होती ते डोळ्यांपुढे आलं. म्हणाले, 'मामा खानसामा नव्हते, मॅडम. मेसची भांडी घासत होते. मला मफिन येतात असं मी सांगितलं ते खोटं होतं. हे मी पहिल्यांदाच नीट केले.' आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा त्या तिसऱ्या मफिनला लोणी लावत होत्या. म्हणाल्या, 'तो भांडी चांगला बघून घासला.'

सोळा तारखेला, रविवारी, मी यशूला न्यायला येते. तिचे कपडे धुऊन ठेवा. तुमचा ताप चार दिवस आधी उतरला असता तर एकदा करून बघता आलं असतं, जीव इतका टांगणीला लागला नसता. पण आजाराला कोण काय करणार.

आपली,
अंजना


मिरज,
२७ ऑगस्ट १९६४

चि. अंजनास जयभीम.

यशू रमली का? परवा तुमची एस.टी. सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि मी 'डोकं आत घे, डोकं आत घे' म्हणून ओरडत होतो. निरोप द्यायला दुसरं काही सुचलंच नाही. परवा म्हणालो, पण आज अकरा दिवस झाले.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. मॅडमचं बोलणं मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. पण त्याच पत्रात शेवटी तू माझ्या तापाची हळहळ केलीस, तिथे आलो की घडी करून ठेवतो.

मला ताप आला नव्हता.

तुझं बारा तारखेचं पत्र मला पंधराला मिळालं. त्याच दिवशी मी सगळं खरं लिहिलं, रव्यासकट. बेदाणे घातले, पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं आणि पोस्टाकडे निघालो. वाटेत यशू शाळेतून येताना भेटली. तिने माझं बोट धरलं. मी तिच्याबरोबर घरी आलो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, उद्या टाकू. तिसऱ्या दिवशीही तेच. मनात म्हणायचो, अंजनाला आयाची नोकरी आहेच की, जागा गेली तर गेली, यशू इथेच राहील. नऊ दिवस मी ते पाकीट घेऊन हिंडलो. पहिली दोन पत्रं बढाईखोराची होती. हे चोराचं.

चोवीस तारखेला मामीने कोट धुवायला काढला. तिला वाचता येत नाही, पण कोरं तिकीट लावलेलं पाकीट कळतं. पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाली, 'पोरगी आपली न्हाई, आईची हाय. मला बी तिचा लळा हाय, म्हनून काय पत्र खिशात कोंडायचं?' तिच्यासमोर बसून मी वरची तारीख बदलली, तापाची ओळ घुसवली. पेटीत तिने टाकलं. तेवढंही माझ्या हातून झालं नाही.

तुझी माफी कोणत्या तोंडाने मागू? तू तुझी लेक मागत होतीस आणि मी तुला पत्र न टाकता रोज तिच्याबरोबर पेरू खात होतो. घर आता फार मोठं वाटतं. ते माझं मी बघेन. तू मनात येईल ते लिही, मी वाचेन.

तुझा मामा,
सोपान


पाचगणी,
६ सप्टेंबर १९६४

ती. मामांस जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी भयंकर रागावले. पाच दिवस उत्तर लिहिलं नाही. रोज सकाळी पीठ कालवताना तुमच्याशीच भांडत होते, इतकी की नाथाजी म्हणाले, बाई, पीठ दमलं आता. माझी खोली जाता जाता राहिली, मामा. तुम्हाला सगळं माहीत असून.

यशूचं म्हणाल तर बरी आहे. मी रोज तिला न्हाऊ घालते. ती शहाण्यासारखी उभी राहते, साबण डोळ्यात गेला तरी बोलत नाही. भूक लागली तर मागत नाही, मी विचारायची वाट बघते. आईच्या घरी पाहुणी आलेली आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, खोली मिळाली की पोरगी मिळाली.

काल तिने विचारलं, 'आजोबांचं पत्र तू डब्यामागं का ठेवलंयस?' काहीतरी खोटं ठोकून द्यावं असं आलं होतं मनात, आपल्या घराण्यात त्याला तोटा नाही. पण सांगितलं खरं. म्हणाले, तू त्यांच्याजवळ राहावीस म्हणून आजोबांनी आईला पाठवायचं पत्र नऊ दिवस खिशात लपवून ठेवलं. ती मफिनला लोणी लावत होती. हात थांबला. माझ्याकडे बघितलं तिने, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा रडली.

म्हणाली, 'नऊच दिस?'

मी तिला मांडीवर घेतलं. पुष्कळ वेळ रडली, माझ्याच खांद्यावर. मग म्हणाली, भूक लागली.

तुम्ही आणि मामी या. खोली लहान आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही, पण दोघांना निजायला जागा होईल. येत्या रविवारी या.

अंजना